पाय धड हाय तवर

समोरचा ऊस तुटून गेला की माझ्या ओट्यावरून कारखान्याची चिमणी दिसायला लागते. वर्ष-सव्वा वर्ष घराभोवती नुसता ऊस उभा असतो. पलीकडे कुणाच्या दारात दिवा लागला, कुणाकडे पाहुणे आले, काही म्हणता काही कळत नाही. मग तोडणीवाले येतात, दोन-चार दिवस कोयत्यांचा आवाज, पाचटाचा वास, ट्रॅक्टरवर मोठ्याने लावलेली गाणी. आणि एका संध्याकाळी चहाचा कप घेऊन बाहेर यावं तर घर एकदम उघड्यावर. थेट घोड नदीपर्यंत नजर जाते. आमचे हे अशा वेळी ओट्यावर उभे राहून म्हणायचे, "झालं, कनात निघाली. आता कोण कुठं बसलंय ते दिसंल." नारायणगावच्या तमाशांची सवय त्यांना. सगळ्या जगाकडे ते आधी कनातीच्या बाहेरून बघायचे आणि मग आत शिरायचे.

सगळा मळा त्यांना अण्णा म्हणायचा. ते होते तोवर मी कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

यंदाही ऊस गेला. कप घेऊन ओट्यावर आले, चिमणी दिसली, आणि ते वाक्य म्हणायला कुणीच नव्हतं. मग मीच म्हटलं, मोठ्याने. फारच खुळ्यासारखं वाटलं. आत आले आणि टीव्ही लावला.

टीव्हीवर सध्या आमच्या भागात एकच विषय आहे. काही वर्षांपूर्वी एक मालिका लागायची, एका लंगड्या पोलीस साहेबाची. मालिकेला नाव होतं चांगलं भारदस्त, पण आमच्याकडे कुणी ते घेतलं नाही. 'लंगडा साहेब लागला का', एवढंच. साहेब उतारवयाचा, चिडका, बशीतून चहा पिणारा. खुनाचा तपास लावून घरी आला की भिंतीवरच्या बायकोच्या फोटोसमोर बसायचा आणि तिला सगळं सांगायचा. "मालू, आज काय झालं ऐक." त्या मालूला हार घातलेला असायचा. घाटात मोटरसायकलला अपघात झाला, त्यात त्याचा पाय गेला आणि मालू गेली, हे त्याने एकदा नाही, दहादा सांगितलेलं.

आता त्याच साहेबाच्या तरुणपणाची मालिका आली आहे. प्रीक्वेल म्हणतात म्हणे. माझी मुलगी वैशाली पुण्याला असते, तिने हा शब्द मला फोनवर समजावून सांगितला. मी म्हटलं, अगं पस्तीस वर्षं पोरांना शिकवलंय, आधीची गोष्ट नंतर सांगतात एवढं कळतं मला. या नव्या मालिकेत मालू जिवंत आहे. भांडते, बाजारात घासाघीस करते, साहेबाच्या डब्यात मुद्दाम कारल्याची भाजी घालते. आणि बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की ती जाणार. आता शेवटचा भाग राहिला आहे, शनिवारचा.

सकाळी डेअरीवर दूध आणायला जाते तेव्हा या मालिकेवर अधिवेशन भरलेलं असतं. पूर्वी आम्ही डेअरीला दूध घालायचो, आता मी अर्धा लिटर विकत आणते. तुकानाना तिथे कॅनच्या बाजूला बसलेले असतात. अण्णांचे जुने दोस्त. त्यांना नवा साहेब अजिबात पसंत नाही.

"ह्यो कसला साहेब राव. ह्यो तर पळतोय."

"नाना, आजून पाय मोडायचाय त्याचा," डेअरीवाला संतोष दुधाचं फॅट तपासता तपासता म्हणतो.

"मंग मोड म्हणावं लवकर. धड पायाच्या माणसाला डोकं चालवायची गरजच काय? चोर दिसला की पळत सुटायचं. जुना बसल्याजागी खुनी सांगायचा."

संतोषची तक्रार वेगळी. जुन्या मालिकेत फोटोतली बाई दुसरीच होती म्हणे, नाक वेगळं होतं. "आमाला काय येडं समजत्यात का?" असं तो रोज कुणाला ना कुणाला विचारतो. कुणी म्हणतं, शेवट माहीत असताना बघायचं कशाला, नुसता टाइमपास. कुणी म्हणतं, शेवट बदलतील बघा, आता बायकांना मरू देत नाहीत मालिकेत. आणि एक गंमत मी बघितली. सगळ्यांचं लक्ष साहेबाच्या पायाकडे. जिना उतरला की धस्स होतं, भिंतीवरून उडी मारली की धस्स होतं. "पाय धड हाय तवर बाय जित्ती हाय," तुकानाना म्हणाले परवा. सगळे हसले. मी दुधाची पिशवी घेऊन निघाले. वाटेत डोळ्याला पदर लावला, कुणी नव्हतं म्हणून.

फोटोतलं नाक वेगळं असतंच. अण्णांचा फोटो ओतूरच्या एका लग्नातला आहे, गर्दीतून कापून काढलेला. खांद्याशी कुणाच्या तरी फेट्याचा तुरा राहिलाय. फोटोत ते गप्प आणि गंभीर आहेत. हे दोन्ही ते कधीच नव्हते. मी फोटोशी बोलत नाही. साहेबाला जमतं, त्याला संवाद लिहून देतात.

त्या जुन्या मालिकेचा शेवटचा हिवाळा अण्णांचाही शेवटचा हिवाळा होता. तोच मला सारखा आठवतोय. थंडी अशी की ओट्यावरची फरशी पायाला चटका द्यायची. समोरचा ऊस असाच नुकता गेलेला. ऊस गेला की बिबट्याचं घर जातं. मग तो कुणाच्या गोठ्यापाशी, कुणाच्या कांद्याच्या चाळीपाशी दिसायला लागतो. दिवेलागणीला सगळे दारं लावून आत. आमच्याकडे मालिकांना प्रेक्षक मिळवून दिले ते बिबट्याने, हे अण्णांचं मत. "त्याला एक बक्षीस द्या म्हणावं," असं ते म्हणायचे.

अण्णा मालिका बघायला बसले की माझं डोकं उठायचं. त्याचं कारण सांगते. भाग टीव्हीवर संध्याकाळी लागायचा, पण मोबाईलवर दुपारीच यायचा. मी शाळेत. हे बांधावर बसून, उसाला पाणी धरता धरता, सगळा भाग बघून मोकळे. आणि संध्याकाळी मी वालाच्या शेंगा सोलायला घेऊन हौसेने टीव्हीसमोर बसले, की नावं संपायच्या आत म्हणायचे, "तो कंपाउंडर. चहा टाक." की झालं. पुढचा सगळा वेळ मी त्या कंपाउंडरकडे बघत बसायची. तो बिचारा पेशंटला पाणी देतोय आणि मला त्यात विष दिसतंय.

मी भांडायची. शेंगा फेकून मारायची. एकदा त्यांचा मोबाईल मी शाळेत जाताना पिठाच्या डब्यात लपवला. तर हे भर उन्हात तुकानानांच्या कांद्याच्या चाळीत गेले, त्यांच्याकडून खुनी कोण ते विचारून आले, आणि संध्याकाळी हात झाडत बसले. "धाकटी सून. चहा टाक." पोटात काही राहायचंच नाही त्यांच्या. दिवाळीला मला साडी आणली तर पिशवी दाखवायच्या आधी रंग सांगायचे. वैशालीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडचा होकार आम्ही चार दिवसांनी सांगणार होतो पाहुण्यांना, तर हे त्याच संध्याकाळी देवळात बोलून बसले. "मास्तरीणबाई, बातमी अंगात ठिवली की ताप येतो," असं वर म्हणायचे.

त्या हिवाळ्यात मात्र त्यांनी सांगायचं सोडलं.

पहिल्या दिवशी मला खरंच वाटेना. मालिका सुरू झाली, नावं संपली, पहिला खून झाला तरी हे गप्प. मी वाट बघून बघून शेवटी विचारलं, "अहो, आज बघितला नाही का दुपारी?"

"बघितला की."

"मग कोण आहे?"

"बघू की," म्हणाले. "घाई काय हाय."

मला इतका आनंद झाला की उठून चहा टाकला, न मागता. सुधारला बाई माणूस, इतक्या वर्षांनी का होईना. पुढे रोज तेच. मी विचारायची, हे म्हणायचे, बघू की, घाई काय हाय. आणि एक नवीनच खोड लागली. मालिका चालू असताना टीव्हीकडे बघायचंच नाही. माझ्याकडे बघत बसायचं. मला संशय भलत्यावर आला की गालातल्या गालात हसायचं, मी घाबरले की मान हलवायची. एकदा मी चिडून म्हटलंसुद्धा, "टीव्ही तिकडं आहे."

"म्हाईत हाय," म्हणाले आणि तसेच बघत राहिले.

जेवण कमी झालं होतं त्यांचं. मी म्हटलं, थंडीने असेल. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन नुसते बसले, तेव्हा मला कळलं की हे काही साधं नाही. मग पुण्याच्या फेऱ्या, सलाईन, वैशालीचं येणं-जाणं. होळी उजाडली नाही त्यांना.

दहाव्याच्या दिवशी घाटावर माझा दीर माझ्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "वैनी, दादाला दिवाळीच्या आधीच कळलं व्हतं. मोटारीचं काम हाय म्हणून आमी पुण्याला गेलो, ते डागदरकडंच. मला शपथ घातली व्हती त्यानं. तुला सांगायचं न्हाई म्हणून."

ज्या माणसाला साडीचा रंग पोटात ठेवता येत नव्हता, त्याने हे ठेवलं. मला रडू आलं नाही, राग आला. खरं सांगते, तो राग अजून आहे. मला का नाही सांगितलं? मी काय पहिलीतली पोर होते? मला कळलं असतं तर शाळेतून रजा काढली असती, शेंगा सोलत बसले नसते त्या खुनी कंपाउंडरांच्या मागे लागून. भीमाशंकरला जाऊ म्हणत होते ते कितीतरी वर्षं, मी म्हणायची, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ. नेलं असतं. भांडणं केली नसती. असं सगळं मी मनात किती वेळा बोलले असेन, भाकरी थापताना, अंगण झाडताना. भाकरी एकटीला एक पुरते. पीठ मात्र हात आपोआप दोघांचं घेतो, मग ते परत डब्यात टाकायचं.

वैशालीला हे सगळं माहीत आहे, म्हणून गुरुवारी तिचा फोन आला. "आई, शनिवारचा भाग तू बघू नकोस. उगाच रडत बसशील एकटी. मी तुला सांगते ना काय झालं ते."

बापाचीच लेक. म्हटलं, काय झालं ते मलाही माहीत आहे, अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. पण फोन ठेवल्यावर मी ठरवलं, नाही बघायचा. मालूला मोटरसायकलवर बसताना मी बघू शकणार नव्हते. ती हसत बसणार, पदर खोचणार, आणि तिला एकटीलाच माहीत नसणार. मला तिची कीव येते असं नाही. मला तिच्या जागी बसल्यासारखं होतं.

पण मध्येच हिराबाई आली.

समोरच्या मोकळ्या रानात दरवर्षी मेंढरं बसतात. आणे गावच्या पठारावरची ती धनगर माणसं, ऊस गेला की खाली आमच्याकडे उतरतात. रानात जाळी लावून रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखत रानाला मिळतं, आपण त्यांना धान्य द्यायचं. अण्णांच्या वडिलांपासून तेच घर येतं. पूर्वी म्हातारी यायची, तिचे गुडघे गेले म्हणून यंदा सून आली आहे, हिराबाई. तिशीची असेल. पुरुष माणसं अंधार पडायच्या आत जाळीपाशी, बिबट्याच्या भीतीने. आणि ही रोज दिवे लागले की माझ्या दारात दोन बॅटऱ्या घेऊन हजर, चार्जिंगला. पालात कुठली आलीय वीज. बॅटऱ्या भरेपर्यंत बसायची. पहिल्या दिवशी उंबऱ्याच्या बाहेर बसली, मग उंबऱ्यावर, आता टीव्हीसमोर पोत्यावर बसते आणि माझ्या शेंगा सोलून देते.

तिने जुनी मालिका बघितलेलीच नाही. एकही भाग नाही. रानोरान फिरणाऱ्या माणसाला कुठला रोजचा टीव्ही. तिच्यासाठी हा साहेब तरुणच आहे, दोन पायांचा आहे आणि मालू त्याची भांडकुदळ बायको आहे, बस्स. आमच्या सगळ्या पारगाव पंचक्रोशीत ती एकटीच अशी की जी ही गोष्ट सुरुवातीपासून पुढे बघते. डेअरीवरची सगळी मतं मी तिला सांगितली असती तर तिला कळलंच नसतं हे लोक पायाकडे का बघतात.

तिचं आपलं मत असं, "साहेबापरीस तीच हुशार हाय. त्याला भाकर चाराया कुणी नसतं तर तपास कशाचा लागतोय?" कारल्याच्या डब्यावर ती इतकी हसली होती की शेंगा सांडल्या. तिचा नवराही म्हणे असाच, कारलं बघून तोंड वाकडं करणारा.

शनिवारी मी टीव्ही लावलाच नव्हता. अंगणातली तुळस पाहून आत आले, देवापाशी दिवा लावला, आणि बॅटऱ्या घेऊन हिराबाई दारात.

"बाई, लाईट गेली का?"

"नाही."

"मंग टीवी का बंद? शेवटचा हाय ना आज? आमी उद्या सकाळी हलणार हाय मंचरकडं. मला एवढा तरी बघू द्या."

काय सांगणार तिला. तिला उद्या पुढचं रान. मालू तिच्यासाठी इथेच संपणार, पारगावच्या एका बाईच्या घरात. बॅटऱ्या लावल्या, टीव्ही लावला. ती पोत्यावर बसली, शेंगांचं ताट पुढे ओढलं. मी खुर्चीवर बसले आणि मनाशी म्हटलं, सांगून टाकते हिला. आधी कळलेलं बरं. मला कुणी सांगितलं नाही, मी हिला सांगते. तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मालूने साहेबाची टोपी आरशासमोर स्वतः घालून बघितली, आणि हिराबाई हसली. पदराचं टोक दातात धरून, खांदे हलवून, अगदी मनापासून. मी तोंड मिटलं. म्हटलं, हे एवढं होऊ दे, मग सांगते. मग मालू आणि साहेब भांडले, ही पुढे सरसावली. मग त्यांचं मिटलं, हिने सुस्कारा सोडला. प्रत्येक वेळी म्हणत होते, आता सांगते, आता सांगते. पडद्यावर काय चाललंय याचं मला भान नव्हतं. मला माहीतच होतं ते. मी हिराबाईचं तोंड बघत होते.

"बाई," ती म्हणाली, माझ्याकडे न बघताच, "टीवी तिकडं हाय."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

म्हणजे हे असं होतं तर. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, रोज संध्याकाळी, या खुर्चीवर बसून, हे असं. ताप येत असणार त्यांना, खरंच. रोज तोंड उघडत असतील, आणि मी कुठल्या तरी कंपाउंडरवर संशय घेऊन शेंग हलवत बोलत असेन, आणि ते म्हणत असतील, हे एवढं होऊ दे. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांनी मला बाहेर ठेवलं. ते बिचारे माझ्या आनंदात बसून होते, जेवढा वेळ बसता येईल तेवढा. राग गेला असं म्हणणार नाही. पण मला त्यांची इतकी आठवण कधी आली नव्हती. फोटोकडे बघितलंसुद्धा, तर तिथे तो फेट्याचा तुरा आणि ते गंभीर तोंड.

पडद्यावर सकाळ झाली होती. घाटात जायचं म्हणून दोघं घराबाहेर आली. मालूने कडी लावली, पदर खोचला, मोटरसायकलवर मागे बसली. हिराबाईने सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड केलं. हसत होती.

"बाई, तुमाला म्हाईत आसंल. आता चांगलं व्हईल ना ह्यांचं?"

"बघू की," मी म्हणाले. "घाई काय हाय."

ती परत पडद्याकडे वळली. साहेबाने मोटरसायकलला किक मारली, धड पायाने.